किनारीवरची लाल रेघ

ता. ४ फेब्रुवारी

तू पाठवलेल्या नव्या चष्म्यातून मला तुझी आई दोन-दोन दिसते. एक होती तेवढी पुरे होती. नात चार वर्षं चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते आणि आजी घरात भिंतीला धरून चालते. याला काय म्हणायचं ते तूच म्हण, मी म्हटलं तर पोस्टमन पत्र उचलणार नाही.

चि. भिंगरीस अ. उ. आ.

आशीर्वाद दिला म्हणून राग गेला असं समजू नकोस. तो चष्म्याच्या डबीत ठेवलाय.

तुझं पत्र पोचलं. म्हणजे फोनवर एक मंडळ आहे, तिथे माणसं आपापल्या मोडक्या वस्तू जोडतात आणि एकमेकांना फोटो दाखवतात. बरं. जगात आता काम उरलेलं नाही असं दिसतं. त्या मंडळात एक लिफ्ट दुरुस्त करणारा आहे, तुझ्याच गावातला, आणि तीन आठवडे तो तुझी थट्टा करतोय आणि तुला ती आवडतेय. तू याला क्रश म्हणतेस. आमच्या वेळी याला अपचन म्हणायचे आणि दोन दिवस उपाशी ठेवायचे.

त्याने काही विचारलं की तू तासभर लिहितेस, खोडतेस आणि शेवटी नुसतं हो पाठवतेस, हे वाचून मला नवल वाटलं नाही. आईच्या मैत्रिणीचा तो हिशेबनीस भाचा भेटायला आला होता, तेव्हा तू पाऊण तास टेबलावरच्या फुलदाणीशी एकनिष्ठ राहिलीस. मुलगी छान ऐकून घेते, असं सांगून तो गेला आणि दुसऱ्या बडबडीशी लग्न करून मोकळा झाला. तेव्हापासून तू त्या गावात एकटी राहतेस आणि भिंगांशी बोलतेस.

मी निवड करून द्यावी म्हणतेस, तर देते. माझी चौथी झाली ती बाईंच्या दयेने, पण एकतीस वर्षं कारखान्यात कापड तपासलंय. सरकत्या कापडातला एक तुटका धागा मला दिसायचा, तुझी वाक्यं तर जागच्या जागी बसलेली असतात. त्याच्या प्रत्येक प्रश्नाला तीन उत्तरं लिहून पाठव. मी खूण करून कागद परत पाठवीन. फोनवर वाचून दाखवू नकोस. मी फोन कानाला लावला की तुझी आई दाराला कान लावते.

लोभ आहे तो वाढवायला मागू नकोस, आहे तेवढाच नीट वापर.

तुझी आजी

ता. १० फेब्रुवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

तू चष्म्याच्या मधल्या रेघेतून बघतेस, म्हणून आई दोन दिसते. वरच्या भागातून लांबचं बघायचं, खालच्या भागातून वाचायचं. आईकडे बघताना मान खाली घाल. तुला सवय नाही, पण प्रयत्न करून बघ.

आता मुख्य काम. मी जोडलेल्या खुर्चीचा फोटो मंडळात टाकला होता. त्याने विचारलं की या खुर्चीवर आजवर कोणी बसलंय का, की ती नुसती फोटो काढून घेण्यापुरती उभी राहते. माझी तीन उत्तरं अशी:

पहिलं, बसून बघायला या, मग सांगा.

दुसरं, खुर्ची भक्कम आहे, हल्ली पाहुणेच हलके येतात.

तिसरं, मी बसले होते. पडले. कोपर खरचटलं. खुर्चीला काही झालं नाही.

हे वेगळ्या कागदावरही लिहून सोबत ठेवलंय. आजी, लवकर पाठव. तो वाट बघतोय आणि मी फोन पिठाच्या डब्यात ठेवलाय.

तुझी माया अशीच राहू दे.

तुझी भिंगरी

ता. १५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अ. उ. आ.

मान खाली घातली. आई एकच दिसली. पण ती मला मान खाली घालून बघताना बघून खूश झाली, ते परवडणारं नाही.

कागद सोबत परत पाठवते. लाल पेन्सिलने रेघ ओढलीय, किनारीला, आम्ही ताग्याला ओढायचो तशी. दाबून ओढली, टोक मोडलं. आता तरी विचार करत बसू नकोस. तुझ्यात ते चांगलं वाक्य सापडेल असं मला वाटलं नव्हतं, सापडलं. फोन डब्यातून काढ, पीठ झटक आणि पाठव.

माझा लोभ आहेच, तू फक्त धीर धर.

आजी

ता. २३ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

पाठवलं. तुझा कागद हातात धरूनच टाईप केलं, एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही. दोन मिनिटांत त्याचा प्रश्न आला, डावं की उजवं? मी हिंमत करून तुला न विचारता डावं असं लिहिलं. त्यावर त्याने लिहिलं की त्याचंही डावंच. त्याच्या डाव्याचा फोटोही पाठवला. मी दुकानात एकटीच हसले आणि मालकीणबाईंनी मला दोनदा विचारलं की उन्हात फिरून आलीस का.

त्याची एक तक्रार मात्र आहे. माझ्या उत्तराला नऊ दिवस लागतात, तर मी ती दगडावर कोरून घेते का, असं विचारतो. मी म्हटलं, तपासणी खात्यातून येतात. त्याला तो विनोद वाटला.

आता नवा प्रश्न. लिफ्टमध्ये अडकायचंच असेल तर कोणाबरोबर अडकायला आवडेल?

पहिलं, ज्याच्या खिशात पान्हा असेल त्याच्याबरोबर.

दुसरं, एकटीच, हवा वाटून घ्यायची माझी तयारी नाही.

तिसरं, मला बंद जागेची भीती वाटते. चार वर्षं सहा मजले जिन्यानेच चढते. लिफ्टमध्ये पाऊलही ठेवलेलं नाही, आणि हे लिफ्टवाल्याला सांगायची लाज वाटते.

कागद सोबत आहे. तुझ्यावाचून माझं कसं झालं असतं?

तुझी भिंगरी

ता. २७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अ. उ. आ.

कागदावर रेघ ओढून पाठवतेय. पण मला या माणसाची काळजी वाटू लागलीय. तुझं एवढं नीटस उत्तर गेलं आणि त्यावर तो विचारतो डावं की उजवं. कसलं डावं? खुर्चीचा पाय? आणि तूही बेधडक डावं म्हणून मोकळी झालीस. मग त्याने आपल्या डाव्याचा फोटो पाठवला. मी दोन दिवस या डाव्याचा विचार करतेय. माणूस कामाचा असेल, पण त्याच्या डोक्यातली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबते की काय ते एकदा बघून घे.

तरी लगेच त्याला सोडू नकोस. तुझे आजोबा रंगखात्यात होते. मी त्यांचा एक तागा नापास केला, तर भांडायला आले. दुसरा केला, पुन्हा आले. तिसराही केला. तिन्ही वेळा दोष खरा होता आणि तिन्ही वेळा ते हरले. चौथ्या वेळी आले तेव्हा हातात तागाच नव्हता. काय काम आहे विचारलं तर म्हणाले की सवय झाली. पुढे अडतीस वर्षं तीच सवय. गोड बोलणं त्यांना जमलं नाही आणि मला ऐकायला वेळ नव्हता, पण येणारा माणूस येत राहिला, एवढं मी मोजते.

तेव्हा हा येतोय तोवर येऊ दे. डाव्याचा खुलासा मात्र कळव.

जितका लोभ या कागदावर मावतो तितका पाठवलाय.

आजी

ता. ८ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

डाव्याचा खुलासा तू थट्टेने मागितलास असं समजून सोडून देते, कारण आता वेळ थट्टेची नाही.

लिफ्टचं उत्तर सकाळी पाठवलं. मला वाटलं, संपलं. संध्याकाळी त्याने लिहिलं की कामावरची आठ मजल्यांची इमारत तो आज मुद्दाम जिन्याने चढला, पाचव्यावर बसला, आणि लिफ्टवाला जिन्यात बसलेला बघून तिथल्या बायका अजून हसताहेत. मग विचारलं, भेटू या का? एकवीस तारखेला, शनिवारी चार वाजता, त्याच्या कामाच्या रस्त्यावरच्या चहाच्या दुकानात. तळमजल्यावर आहे, रस्त्याकडे मोठी खिडकी आहे, दार दिवसभर उघडं असतं, मी जाऊन बघून आलोय, असं लिहिलंय. शेवटी असंही लिहिलं की यायचं नसेल तर नुसतं नाही म्हणा, मी पुन्हा विचारून त्रास देणारा नाही.

आजी, मी जाऊ शकत नाही. त्याला आवडलेली मुलगी मी नव्हे, ती तुझी निवड आहे. माझ्या हातात असतं तर मी दोन्ही वेळा चुकीचं उत्तर पाठवलं असतं. आमच्या दुकानात भिंग बरोबर निघालं की त्यावर लाल ठिपका देतात, मगच ते चौकटीत बसवतात. तशी तुझी लाल रेघ दिसली की मी डोळे मिटून तेवढंच पाठवायचे. तिथे टेबलावर रेघ कोण ओढणार? मी पुन्हा फुलदाणीकडे बघत बसेन आणि तो म्हणेल, छान ऐकून घेते.

एकच उपाय आहे. तू ये. शेजारच्या टेबलावर बस. मी बरोबर बोलत असेन तर खोक. नाहीतर मी त्याला नाही कळवून टाकते. हे पत्र मिळताच काय ते सांग.

तुझी घाबरलेली

भिंगरी

ता. १२ मार्च

चि. भिंगरीस अ. उ. आ.

तुझं पत्र एकदा खालच्या भागातून वाचलं, मग विश्वास बसेना म्हणून पुन्हा वाचलं. वाचताना त्या मोठ्या खिडकीच्या आणि उघड्या दाराच्या ओळीपाशी मी थांबले. तुला बंद जागेची भीती वाटते हे त्याला कोणी सांगितलं? मी तर ते वाक्य कापलं होतं. मग पुढे तुझा लाल ठिपका आला आणि मी खुर्चीवर बसले. माझी जोडलेली नाही, म्हणून पडले नाही.

भिंगरे, कापडाच्या तपासणीत चांगल्या कापडावर कोणी खूण करत नाही. चांगलं कापड गप पुढे जातं. लाल रेघ दोषाला. जिथे रेघ, तेवढं कापून टाकायचं. दोन्ही कागदांवर मी तिसऱ्या उत्तराला रेघ ओढली, कारण पडल्याचं आणि भ्याल्याचं परक्या माणसाला कोणी सांगतं का? लिफ्टवाल्याला जिन्याचं सांगणं म्हणजे न्हाव्याला टक्कल दाखवणं. उरलेल्या दोनांतलं वरचं तू पाठवशील असं मी धरलं. मला वाटलं, बसून बघायला या, हे गेलं. मला वाटलं, पान्हा गेला. आणि तू दोन्ही वेळा काप म्हणून दिलेला तुकडा नेऊन त्याच्या हातात ठेवलास. चूक तुझी की माझी हे ठरवत बसले तर तुझ्या आईला ऐकू जाईल. रेघेचा अर्थ मी लिहायला हवा होता. ते लिहिलं नाही, एवढं कबूल करते, पुन्हा करणार नाही.

म्हणजे डावं ते कोपर. त्यानेही कधी डावं कोपर फोडून घेतलंय आणि त्याचा फोटो काढून तुला पाठवलाय. मी त्याला अर्धवट म्हटलं होतं, ते शब्द परत घेते. अर्धवट आम्ही दोघी होतो.

आता नीट ऐक. मी निवडलेली उत्तरं चांगलीच होती, आजही तेच म्हणेन. त्याने ती वाचली असती, हसला असता आणि तसलंच काहीतरी उलट लिहिलं असतं. पण त्या उत्तरांसाठी कोणी आठ मजले चढत नाही, आणि उघड्या दाराचं दुकान आधी जाऊन बघून येत नाही. ते त्याने तुझ्या वाक्यांसाठी केलं. माझं त्यात एक अक्षर नाही, माझी फक्त मोडलेली पेन्सिल आहे. एकतीस वर्षांत खराब तागा माझ्या हातून पुढे गेला नाही. चांगला तागा नापास केला, तो हा पहिलाच.

मी येणार नाही. मला खोकला नाही आणि असता तरी तो मी कामाला लावला नसता. एकवीस तारखेला तूच जायचंस. काय बोलू, असं विचारशील, तर आजवर कुठे कुठे पडलीस ते सांग, तुझ्याकडे साठा आहे. नाही सुचलं तर गप बस. यावेळी फुलदाणी नाही, खिडकी आहे, आणि ती त्याने कोणासाठी निवडली ते तुला माहीत आहे. लिफ्टमध्ये बसायला मात्र तो म्हणाला तरी जाऊ नकोस, आधी दहादा जिन्यात बसून बघू दे त्याला.

तुझी आई आता मला एकच दिसते. तेवढ्यानेही भागतं. तिला मी काही सांगितलेलं नाही, ती दाराशी उभी राहून जेवढं जमेल तेवढं जमवतेय.

लोभ आहे, तो आता दोघांत वाटून घ्या, मला हिस्सा नको.

आणि या पत्राचं उत्तर तू पाठवायचं नाहीस. त्याने पाठवायचं. स्वतःच्या हाताने, कागदावर, आणि एका गोष्टीला एकच उत्तर. तीन पाठवली तर तिन्हींवर रेघ ओढीन, आणि तिचा अर्थ काय ते तू त्याला आधीच सांगून ठेव.

तुझी आजी