हैबतरावांचं पान

डोंबिवली, १९५२
(दसऱ्याचं सोनं अजून वाळायचं आहे.)

ती. सुधीरदादांस,

धाकट्या त्र्यंबकचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी डावा गुडघा कामातून गेलाय, तेव्हा उरलेल्या अंगांवर गोड मानून घ्या.) तुमचं पोट कसं आहे? वहिनींना म्हणावं, ते हिंगाचं पाणी आता पुरे. त्याने माणूस बरा होत नाही, नुसता वास मारतो. इकडे आम्ही तिघं, म्हणजे मी, विमल आणि शुभदा, खुशाल आहोत. घरात चौथं कोणीतरी आहे, त्याच्या खुशालीचं मला सांगता येत नाही, आणि पत्र लिहायला बसलोय ते त्याच्यामुळेच.

माझा जुन्या बंदुकांचा नाद तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही त्याला भंगार म्हणता. म्हणा! कल्याणचा लष्करी कॅम्प उठला तेव्हा लिलावात शहाण्या माणसांनी खाटा घेतल्या, तंबू घेतले, मी एक गंजकी संगीन आणि दस्ता नसलेली नळी घेतली. (पुढे दस्ता मिळाला, पण तो दुसऱ्याच बंदुकीचा निघाला. दोघांचं अजून जमत नाही, पण संसार चाललाय.) तर या चैत्रात दिवा गावी काळुराम मिठागरवाल्याच्या माळ्यावर मला एक ठासणीची बंदूक दिसली. माणसाएवढी उंच, दस्त्यावर पितळी फुलं, चाप अजून कुरकुरत का होईना पण ओढला जाणारा. कुठल्याशा फौजदाराने पूर्वीच नळीत शिसं ओतून ती कायमची बुजवली होती, त्यामुळे सरकारची हरकत नव्हती. काळुराम देताना एवढंच म्हणाला, "ने शेट, पन हिला कोनाचा नाव लावू नको. हिचा धनी कोन, ते माझ्या आज्यालाबी ठावं नव्हता." मी मान डोलावली. जुनी वस्तू विकणारे लोक असं काहीतरी बोलतातच, भाव वाढावा म्हणून, असं मला वाटलं. नंतर लक्षात आलं की त्याने भाव केलाच नव्हता.

आता शुभदाचं सांगतो, म्हणजे माझा नाइलाज तुम्हाला कळेल. पोरगी सोन्यासारखी, पण चष्मा पाहिला की वरपक्षाला एकदम गाडीची वेळ आठवते. त्यात ठाण्याच्या नाना टिपणिसांचं स्थळ आलं. मुलगा चांगला, माणसं चांगली, शुभदाच्याही मनात भरलेला. फक्त नाना पलटणीतून निवृत्त झालेले, घरी भिंतीवर बंदुकांच्या ओळी, आणि हट्ट असा की सून हवी तर लढवय्या घराण्यातली. आपल्या घराण्यात टाकापलीकडे कुणी काही उपसलेलं नाही, हे तुम्ही जाणता. पण नानांनी विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून गेलं की आमच्याकडे खापरपणजोबांची बंदूक आहे, हैबतराव दुर्व्यांची. हैबतराव हे नाव कुठून आलं देव जाणे! सुचलं नाही, कोणीतरी कानात सांगावं तसं आलं.

झालं. नाना बंदूक पाहायला आले ते नेमके सर्वपित्री अमावास्येला. (पितृपक्षात लग्नाची बोलणी करायची नसतात, म्हणून ते "फक्त बंदूक पाहायला" आले होते. माणूस शिस्तीचा.) परसात मी पानं मांडली होती, आजोबांचं, आजीचं, आपल्या तात्याकाकांचं. नानांनी पानांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "यातलं हैबतरावांचं कुठलं?" मी म्हटलं, वाढतोच आहे. आत जाऊन विमलला डोळ्यांनी दटावलं, पान आणलं, आणि जो माणूस या पृथ्वीवर कधी जन्मलाच नाही त्याचं नाव मोठ्याने घेऊन मी त्याला भात, वडे, खीर वाढली. हात जोडले आणि वर "या" असंही म्हटलं.

आपल्या आजोबांच्या पानाकडे कावळ्याने ढुंकून पाहिलं नाही. तात्याकाकांच्या पानावर तर तो पाठ करून बसला. (त्यांचं कावळ्यांशीही वाकडं असणार.) आणि मग आसपासच्या झाडांवरचे सगळेच्या सगळे कावळे खाली आले, हैबतरावांच्या पानाभोवती बसले, आणि एकही ओरडला नाही. भर दुपारी परसात एवढी शांतता की भात टिपल्याचा आवाज ऐकू येत होता. नाना म्हणाले, केवढी तृप्ती!

त्या दिवसापासून घर बदललंय. दुपारी जेवणं झाली की ओट्यावर कोणीतरी खाकरतं. बाहेर जावं तर कोणी नाही, दारूचा वास मात्र असतो (पिण्याच्या नव्हे, बंदुकीच्या). भिंतीवर बंदूक मी नळी देवघराकडे करून टांगतो, चहाला उठावं तर ती रस्त्याकडे वळलेली, राखणीला असल्यासारखी. एके दिवशी केर काढताना विमलला शिशाचा गोळा सापडला, नळीच्या मापाचा, सुपारीसारखा गुळगुळीत. मी नळीत फुंकर मारून पाहिली. पलीकडून परत फुंकर आली, दादा. खोटं सांगत नाही. (या पत्रात तरी नाही.) विमल पाट मांडताना एक जास्त मांडते आणि स्वतःच दचकते. दूधवाली गंगुबाई तर परवा सरळ म्हणाली, "म्हाताऱ्यासाठी दूध वाढवायचं का? लय तिरसट हाय, पन उपाशी दिसतो." मी विचारलं, कुठला म्हातारा? तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच लाजलो.

मी विमलला म्हटलं, बंदूक खाडीत टाकून येतो. तर ती म्हणाली, "अहो, कुणीतरी बेवारशी असेल. किती वर्षांत कुणी नाव घेऊन जेवायला बोलावलं नसेल. तुम्ही हाक मारलीत, तो आला. आता हाकलता काय?" मी बंदूक खुंटीवरच राहू दिली. डोळ्यांत पाणी आलं ते भीतीने की कशाने, ते कळलं नाही.

दसऱ्याला नाना निकाल सांगायला यायचे होते. आम्ही आत शस्त्रपूजा करत होतो, आणि ते लवकरच येऊन ओट्यावर बसले होते. आत आले ते हसत. म्हणाले, "म्हाताऱ्यांनी सगळं सांगितलं. बंदूक दिव्याहून आणलेली, आणि तुमच्या सात पिढ्यांत कुणी फटाकासुद्धा उडवलेला नाही." शुभदाने माझ्याकडे पाहिलं ते मी जन्मात विसरणार नाही. वाटलं, गेलं हेही स्थळ. पण नाना पुढे म्हणाले, "ते असंही म्हणाले की या घरात सगळे मला घाबरतात, एक मुलगी तेवढी रोज ओट्यावर तांब्या भरून ठेवते. आता घराण्याचं राहू द्या, मला हीच सून हवी." आम्ही शुभदाकडे वळलो. ती चष्मा पुसत म्हणाली, "खाकरायचे ना सारखे. वाटलं, तहान लागली असेल."

तर दादा, मार्गशीर्षात लग्न ठरलं. तुम्ही दोघं आधीपासून यायचंच. वहिनींना नमस्कार, आणि हिंगाला माझा शेवटचा रामराम.

तुमचा,
त्र्यंबक

ता. क. खरं काम राहिलंच. नानांची एकच अट आहे: मांडवात पुढच्या खुर्चीवर घरातले म्हातारे बसले पाहिजेत, त्यांना शाल ते स्वतः घालणार. मी कुठून आणू? तुम्हाला नानांनी पाहिलेलं नाही. तुमच्या मिशा पांढऱ्या आहेत, त्या नानांनी म्हाताऱ्याच्या वर्णन केल्या तशा कानापर्यंत वाढवा. त्याच्यासारखं तांबडं पागोटं मी देईन. एक दिवस हैबतराव व्हा. नानांनी नाव विचारलं तेव्हा म्हातारा म्हणाला होता, "हे लोक हैबतराव म्हणतात. दुसरं कुणी दुसरं म्हणेल. मला चालतं." तुम्हीही तेवढंच म्हणा. नाही म्हणू नका, पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे.

आणखी ता. क. वरचा मजकूर मी विमलला मोठ्याने वाचून दाखवला, तो बंदुकीखालीच बसून. चूक झाली. आत्ताच गंगुबाई सांगत आली की आमचा म्हातारा तिला ठाकुर्लीच्या पुढे भेटला, खांद्यावर बंदूक टाकून कल्याणकडे चालला होता, आणि तुमचं घर विचारत होता. भिंतीवर नुसत्या खुंट्या आहेत. टपालाआधी तो तुमच्याकडे पोचेल. ओट्यावर कोणी खाकरलं तर आधी पाणी द्या, मग पान वाढा, पोटभर जेवू द्या. पण मिळेल ते नाव तो लावून घेतो, तेव्हा त्याने नाव विचारलं, तर दादा, तुमचं सांगू नका.