हेकरूच्या टाकीतला तोतया

ता. ४

ती. दादास,
सा. न. वि. वि. हात जोडले ते सवयीने. विनंती काही नाही, विशेष तेवढं लिहिते.

आमच्या मत्स्यालयातल्या म्हाताऱ्या हेकरू माशाच्या शेपटीचा लचका तोडून तो खडकामागे पळाला, तेव्हा माझा हात टाकीतच होता. सव्वा तासाने जाळ्यात आला. आता बरणीत आहे. तू पाठवलेल्या सफाई माशांच्या जोडीतला एक. तोच निळा रंग, तोच काळा पट्टा, किडे काढून घ्यायला आलेल्या माशापुढे, म्हणजे गिऱ्हाइकापुढे, तोच नाच. पण सफाई माशाचं तोंड अगदी टोकाला असतं, याचं खाली आहे. आत दोन सुळे. हा तोतया आहे, दादा.

दुसऱ्या कुणाचाही माल मी तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवते, भिंग घेऊन बघते. तुझा त्याच दिवशी सोडला. भावाचा म्हणून.

हेकरू आता खऱ्या सफाई माशापुढेही जबडा उघडत नाही. कल्ल्यांत किडे साचलेत, खडकावर अंग घासतो. औषध घातलं तर प्रवाळ मरेल, आणि या वयात त्याला हलवणं म्हणजे मारणंच. त्याने तोंड उघडून खऱ्याला आत घेतलं तरच तो जगेल. तुला माहीत होतं का, एवढंच कळव.

लोभाचं नंतर बघू.
तुझी बहीण

ता. ९

चि. भांडखोर बाईस,
अ. उ. आ. रागावलीस तरी आशीर्वाद परत घेत नाही.

माशापायी सख्ख्या भावाला चोर ठरवलंस! धंद्यात घाई असते, खोका बांधताना बघितलं नाही. आणि तुझा खरा सफाईवाला तरी कुठे संत आहे? तूच सांगायचीस, किडे खाणं हे त्याचं काम, पण जीव अडकलेला गिऱ्हाइकाच्या अंगावरच्या बुळबुळीत थरात. चार जण बघत असले की किडे खातो, नसले की चावतो. मग एकट्या तोतयाच्या नावाने का शंख? तुम्हाला जोडी हवी होती, माझ्याकडे खरा एकच होता. एवढ्या मोठ्या टाकीत दुसरा खपून जाईल असं वाटलं. घरच्यांनी सांभाळून घ्यायचं असतं.

आई म्हणते, रविवारी ये आणि तोंड फुगवून येऊ नकोस.
तुझाच,
दादा

ता. २०

दादास,
बघितलं नाहीस, आणि खपून जाईल असंही वाटलं. दोन्ही एकाच पानावर. लिहून झाल्यावर वाचत तरी जा.

हो, खराही चावतो. मग गिऱ्हाईक दचकतं, त्याच्या मागे लागतं, पुन्हा फिरकत नाही. जोडीतली मादी चावली तर नरच तिला पिटाळतो, कारण गिऱ्हाईक दोघांचंही जातं. त्याला तिथेच राहायचं असतं, तिथेच पोट भरायचं असतं. तोतयाला काय? चावला, निघाला. तो दुसऱ्याच्या नावावर जगतो. हे मी तुला शिकवलं, आणि तू ते मलाच ऐकवतोस.

खरा सफाईवाला रोज हेकरूपुढे नाचतो. हेकरू पाठ फिरवतो. तुझ्या तोतयाने नुसता लचका नाही तोडला, खऱ्याचीही पत घालवली. काल साहेबांनी विचारलं, भावाचा माल म्हणून तपासला नाहीत का? मी हो म्हणाले. वीस वर्षांत मान खाली घालायची वेळ पहिल्यांदा आली.

आईला सांग, येणार नाही. तोंड फुगलेलंच आहे.
तुझा लोभ तुझ्यापाशीच ठेव.
बहीण

ता. क. पत्र पेटीत टाकायचं राहिलं होतं. आज सकाळी सातला हेकरू मेलेला सापडला. तळाशी आडवा होता, जबडा उघडा. सफाईवाला आत शिरून त्याचे कल्ले साफ करत होता.