जुम्म्यानंतर सांगायचं होतं

वादी अदाई, मस्कत
३१ मे २०१४

गुलबानू आपांना सफियाचा सलाम.

आज शनिवार. सकाळी भांडी घासली, कुराण वाचलं, दुपारी थोडी पडले. गरमी फार आहे. हे गेल्यापासून इद्दतीत असल्यामुळे मी घराबाहेर पडत नाही, खालीसुद्धा उतरत नाही. दूध, भाजी, कचरा, ह्यांच्या ऑफिसातले कागद, सगळं अंबरीनच करते. ह्यांच्या अर्बाबने, म्हणजे ऑफिसच्या मालकाने, इद्दत संपेपर्यंत घर आणि व्हिसा राहू दिला आहे. भला माणूस आहे.

हुसैनमियाँ सोमवारी रत्नागिरीला निघतायत, त्यांच्याबरोबर हे पत्र देते. फोनवर बोलता आलं नसतं. अंबरीन शेजारच्याच खोलीत असते.

परवा तिचा बारावीचा निकाल लागला. चांगले मार्क आहेत. तुम्ही मागे विचारलं होतं, बी.एस्सी. करून पोरगी डॉक्टर कशी होणार? आपल्याकडे नाही होत, पण कॅनडात आधी चार वर्षांची पदवी घेतात, मग मेडिकलला अर्ज करतात. माझा भाऊ यासिर तिथे आहे. तिला तिथे बायॉलॉजीला जागा मिळाली आहे. होकार उद्यापर्यंत कळवायचा होता.

ह्यांना ते पटत नव्हतं. मुंबईत तीन वर्षांचं लॅबचं बी.एस्सी. कर, हातात नोकरी राहील, मेडिकलचं पुढे बघू, असं म्हणायचे. यासिर म्हणतो, ती पदवी तिथली मेडिकल कॉलेजं बहुधा धरणार नाहीत. त्या गुरुवारी जेवताना बापलेकीचं चांगलंच वाजलं.

हे म्हणाले, “डॉक्टर नाही झालीस तर निदान माझं रक्त तरी तपासशील.”

ती म्हणाली, “मला बाटल्यांवर लेबलं नाही लावायची, बाबा.” आणि ताटावरून उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे गेले. तुम्हाला ते माहीतच आहे.

चाळिसावा झाला त्या दिवशी ती माझ्याजवळ येऊन बसली. “अम्मी, मुंबईचंच करते. बाबांना तेच पाहिजे होतं ना? खलास. तू रत्नागिरीला राहशील, मी दर सुट्टीला येईन.”

मी “बरं” म्हटलं. आपा, मला बरं वाटलं.

आता जे लिहायचं ते लिहिते. त्या गुरुवारी ती आत निघून गेल्यावर हे ओट्याशी आले. मी ताटं धूत होते. म्हणाले, “जाऊ दे तिला कॅनडाला. माझ्यासारखीच हट्टी आहे, करील ती. पण आत्ता सांगू नको, डोक्यावर बसेल. उद्या जुम्म्याची नमाज पढून आलो की मीच सांगतो.”

जुम्म्यापर्यंत हे राहिलेच नाहीत.

पहिले दिवस मला कशाचंच भान नव्हतं. नंतर आठवलं, तरी मी बोलले नाही. ती कॅनडाला गेली की मी एकटी, एवढंच मनात यायचं. आणि ती बिचारी त्या लेबलांच्या बोलण्यापायी स्वतःला शिक्षा करून घेत होती. ते मला दिसत होतं.

आज असरची नमाज झाली आणि तिला सांगितलं.

तिने विचारलं, “नक्की काय बोलले? वर्ड टू वर्ड सांग.”

सांगितलं. ‘डोक्यावर बसेल’ला ती हसली, आणि मग रडायला लागली. ह्यांच्या मय्यतीलासुद्धा अशी रडली नव्हती.

नंतर म्हणाली, “दीड महिना, अम्मी? मी रोज रात्री त्यांची माफी मागत होते.”

माझ्यासमोरच तिने कॅनडाला होकार पाठवला, चपला घातल्या आणि शेजारच्या सुगंधाकडे निघून गेली. त्यांच्या भिंतीतून टीव्हीचा आवाज येतोय. येईल परत.

ती ऑगस्टअखेर जाईल. माझी इद्दतही तेव्हाच संपते. मी एकटीच येईन, आपा. मागची खोली रिकामी असेल तर मला तीच द्या. आणि अंबरीनचा फोन आला तर माझ्या बाजूने काही बोलू नका.

कचऱ्याची पिशवी रोज संध्याकाळी तीच खाली नेते. आज राहिली. गाठ मारून मी ती आतूनच दाराशी ठेवली आहे.

तुमच्या भावाची,
सफिया