उतारावरच्या गांधीलमाश्या

९ एप्रिल, दुपार

प्रिय ताई,

हे पत्र भावजी तुला वाचून दाखवतील, म्हणून आधी त्यांना नमस्कार. भावजी, मधलं काही गाळू नका.

इकडे सगळे ठीक. माझं चष्म्याचं दुकान बरं चाललंय. धाकटीला दात आलेत आणि ते कसे लागतात हे ती माझ्या बोटावर तपासते. तुझी खोली काल झाडली, माश्या न्याहाळायची तुझी भिंगं पुसून ठेवली.

दर फोनला तू विचारतेस, "माझ्या माश्या कशा आहेत?" मी "मजेत" म्हणते आणि फोन धाकटीच्या कानाला लावते.

ताई, घरामागच्या उतारावर आता गाड्या लावायची जागा होतेय. तू इतकी वर्षं जपलेलं ते निळ्या फुलांचं रान एका सकाळी गेलं. मी दुकान उघडं टाकून धावले, माती उकरणाऱ्या यंत्रासमोर उभी राहिले. चालक खाली उतरून म्हणाला, "बाई, आज मी थांबलो तर उद्या दुसरा येईल." माणूस भला होता. त्याने यंत्र बंद ठेवलं तेवढ्यात हाताला लागली ती झाडं मी बादल्यांत भरली. मुळं फार खोल गेलेली. बहुतेक सुकली. तीन कुंड्या जगल्या.

तुझ्या गांधीलमाश्या आता त्या कुंड्यांवर येतात. झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणारी मी, चहा घेऊन त्यांच्याशेजारी बसते. तू सांगायचीस तस्संच आहे. शिकार नाही, काही नाही, नुसते पराग. तेही मधमाशीसारखे पायाला चिकटवून नाही, पोटात घालून न्यायचे आणि भिंतीवरच्या मातीच्या घरात पिल्लासाठी ओकायचे. पण तीन कुंड्यांत असं किती असणार? घरं अर्धी भरून तशीच उघडी पडलीत. मी शेवंती आणली, गुलाब आणला, पुढ्यात ठेवले. "अगं, यातलं घे की!" म्हणून ओरडलेसुद्धा. ढुंकून पाहिलं नाही. त्यांना तेच एक फूल लागतं.

आधी लिंपून झालेल्या घरांत पिल्लं आहेत. पुढच्या वर्षी ती माती फोडून बाहेर येतील आणि समोर गाड्या उभ्या असतील. हे रोज मनात येतं, आणि मी दुकानात जाऊन लोकांचे नंबर तपासते.

परवा भावजींचा फोन आला होता. तू औषधं बंद करायला लावलीस ना? त्यांनीच सांगितलं. "चिमणे, मी सांगितलं म्हणून तिला कळू देऊ नकोस," असंही म्हणाले. भावजी, थांबू नका, वाचा.

मला तुझ्याशी कडकडून भांडायचं होतं. डॉक्टर बदलू, दुसरीकडे नेऊ, सगळं मनात ठरवून झालं. मग भावजींनी रिपोर्ट वाचून दाखवले आणि मी ते सगळं सोडून तिकीट काढलं.

शनिवारच्या गाडीने निघतेय. तुझे केस विंचरीन, पाय चेपीन. मला तेवढंच येतं. भिंतीवर लक्ष ठेवायला शेजारच्या काकूंना सांगितलंय. त्या म्हणाल्या, "लक्ष ठेवून करू काय गं?"

मी येईपर्यंत थांब, ताई.

रिकाम्या हातांनी येणारी तुझी,
चिमणी