जावई अडकला आहे

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९.१०

बायको काल तिच्या धाकट्या बहिणीकडे राहायला गेली. भांडण झाले नाही. हे आजच लिहून ठेवतो, नाहीतर पुढे मलाच वाटेल की झाले होते.

घडले ते असे. हॉस्पिटलच्या लॅबमधली ड्यूटी करून ती दुपारी आली, चप्पल काढली, झाडू घेतला. मी खुर्चीत बसून भूगोलाच्या पुस्तकाची प्रुफे तपासत होतो. ती जवळ आली तसे मी पाय वर घेतले. न सांगता. अठरा वर्षे न सांगता घेतो. याला मी सहकार्य समजत होतो.

ती वाकलेलीच थांबली. माझ्या पायांकडे बघत राहिली. मग तिने केर भरला आणि नंतर बॅग भरली.

दारात म्हणाली, मी येईन परत, पण एकदा तरी तू स्वतः केर काढ. स्वतः. काढलास की कळव.

अट एकच आहे आणि स्पष्ट आहे. पाच मिनिटांचे काम. रविवारी ती घरी असेल.

आज प्रुफांची घाई आहे. उद्या.

३ फेब्रुवारी, मंगळवार

केर काढला नाही. झाडू सापडत नाही. स्वयंपाकघर, बाल्कनी, बाथरूम पाहिले. बेडरूमचे दार सताड उघडे टाकून आतही पाहिले. तिला फोन करून विचारता आले असते, पण अठरा वर्षांनी हा प्रश्न विचारणे बरे दिसत नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार. रात्री

झाडूपेक्षा चांगला उपाय सापडला. रोबो व्हॅक्यूम क्लीनर. सोळा व्हिडिओ पाहिले. घराचा नकाशा काढतो, पलंगाखाली जातो, ठरल्या वेळी सुरू होतो, चार्जिंग संपत आले की आपल्या जागेवर परततो. दिवस गेला, पण वाया गेला असे म्हणणार नाही. मागवला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आला. खोक्यावर छापले आहे: ‘स्वत: केर काढतो. स्वत: चार्ज होतो. स्वत: डबा रिकामा करतो.’

तीन वेळा ‘स्वतः’ आणि तिन्ही वेळा विसर्गाच्या जागी अपूर्णविराम. दिसायला दोन ठिपके सारखेच, पण विसर्ग हा त्या शब्दाचा श्वास आहे आणि अपूर्णविराम म्हणजे पुढे काहीतरी येते आहे अशी सूचना. कंपनीला सविस्तर ईमेल लिहिला. संध्याकाळ झाली. खोके उद्या उघडेन.

झोपण्यापूर्वी एक शंका. बटण मी दाबले आणि केर त्याने काढला, तर ‘स्वतः’ कोण? बराच विचार केला. मी स्वतः बाजारात जाऊन आलो असे आपण म्हणतो, तेव्हा बसने गेलेलो असतो. बस कुणी मध्ये आणत नाही. शंका फिटली. बरीचशी.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

मुलीला हॉस्टेलवर फोन केला. तिने फोनवरून ॲप जोडून दिले. ॲपने यंत्राचे नाव विचारले. मी ‘सहायक’ सुचवले. मुलगी म्हणाली, बाबा, सहायक कसला, याचं नाव जावई ठेव. दिवसभर आयता फिरणार, जरा काही आडवं आलं की तिथेच बसून हाका मारणार, आणि हा आला की सगळ्यांनी पाय वर घ्यायचे.

मी म्हटले, अगं, मीही एका घरचा जावई आहे.

म्हणाली, म्हणूनच सुचलं.

मग तिने विचारले, आईलाही ॲपमध्ये सदस्य करू का? मी ताबडतोब हो म्हटले. तिला माझी प्रगती रोजच्या रोज दिसेल.

७ फेब्रुवारी, शनिवार

पहिली फेरी. सुरुवात फार छान. जावयाने भिंतीभिंतीने फिरून घराचा नकाशा काढला. मी चहाचा कप घेऊन बघत बसलो. घरात काम चालू असताना माणसाला किती शांत वाटते.

नवव्या मिनिटाला प्रुफांच्या गठ्ठ्याची सुतळी गिळली. मोबाइलवर सूचना: ‘जावई अडकला आहे.’ सोडवला. नंतर चार्जरची वायर. नंतर माझा पायमोजा.

माहितीपुस्तिका उघडली. पहिल्याच पानावर: यंत्र सुरू करण्यापूर्वी जमिनीवरील कपडे, वायर, कागद व लहान वस्तू उचलून ठेवाव्यात. म्हणजे केर काढणारा येण्याआधी घर आपण आवरायचे. सोळा व्हिडिओंत हे कुणी बोलले नव्हते.

पण अकराव्या पानावर तोडही आहे. ‘प्रवेशबंद क्षेत्र’. नकाशावर बोटाने लाल चौकोन काढायचा, जावई तिथे फिरकत नाही. गठ्ठ्यांभोवती चौकोन काढला. फक्त आठवड्यापुरता.

८ फेब्रुवारी, रविवार

ती आली नाही. साहजिक आहे. मी अजून कळवलेलेच नाही. अर्धवट कामाची बातमी द्यायची नाही, असे माझे तत्त्व आहे.

जावई पलंगाखालून घरघरत बाहेर आला. ब्रश फिरेना. उलटा केला तर ब्रशला तिचे केस गुंडाळलेले. लांब, टोकाकडे काळे, मुळाशी पांढरे. अर्धा तास कात्रीने कापून काढले. एवढे केस गळतात हे तिने कधी सांगितले नव्हते. किंवा सांगितले असेल.

ते केस डब्यात टाकायला हवे होते. टेबलावर ठेवले आहेत.

११ फेब्रुवारी, बुधवार

निःपक्षपातीपणे दोष नोंदवतो.

यंत्र गोल, खोल्या चौकोनी. कोपरे राहतात. काळ्या सतरंजीला तो खड्डा समजतो आणि काठावर येऊन थरथरत उभा राहतो. स्वयंपाकघराचा उंबरठा चढत नाही, चढला तर उतरत नाही. कपाटाखाली शिरतो, पण बाहेर येताना पाठ अडकते. काल पाणी सांडले होते ते त्याने पुसले नाही, घरभर नेले. डबा स्वतः रिकामा करतो हे खरे, पण ज्या पिशवीत करतो ती भरली की कुणीतरी टाकायची असते.

सतरंजी, उंबरठा, कपाट, पलंग आणि कोपरे यांच्याभोवती लाल चौकोन काढले. तात्पुरते. आता अडकण्याचे प्रमाण निम्म्यावर आले आहे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी १.३०

मेहुणीचा फोन. हसताना तिला बोलता येत नव्हते. म्हणाली, भावोजी, तुमचे पाय आले.

कसले पाय, मी विचारले.

जावई वाटेत काही आडवे आले की त्याचा फोटो काढतो, ते काय आहे हे ओळखतो आणि सर्व सदस्यांना पाठवतो, हे मला ठाऊक नव्हते. मेहुणीने वाचून दाखवले, ‘जावयाला अडथळा. वस्तू: फर्निचर.’ रोज अकराला येतात, म्हणाली. एकला येतात. चारला येतात. जागा तीच, मोजे तेच. ताईने लॅबमध्ये डबा खाताना मैत्रिणींना दाखवले. एकीने विचारलं, हे स्टूल कुठून घेतलंत गं?

बायको काय म्हणाली, असे मी विचारले. ती नाही हसली भावोजी, असे मेहुणी म्हणाली आणि तिचेही हसू थांबले.

जिवंत माणसाला फर्निचरमध्ये घालणे ही गंभीर त्रुटी आहे. कंपनीला दुसरा ईमेल लिहिला.

पण स्वतःला एक प्रश्न विचारला पाहिजे. अकराला, एकला आणि चारला मी खरोखर तिथेच होतो का? आठवून पाहिले. होतो.

लगेच माझ्या खुर्चीभोवतीही लाल चौकोन काढला. आता फोटो जाणार नाहीत.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मोठा दिवस. जावई कुठेही न अडकता फिरला आणि जागेवर परतला. मोबाइलवर सूचना: ‘सफाई पूर्ण. १००%.’

खाली बारीक अक्षरात क्षेत्रफळ होते. साडेतीन चौरस मीटर. बारीक अक्षरे वाचण्यात माझी हयात गेली, त्यामुळे नजरेतून सुटले असे म्हणता येणार नाही.

बायकोला कळवले, ‘केर काढला. स्वतः.’ विसर्ग नीट पडला आहे ना हे दोनदा पाहिले.

वीस मिनिटांनी तिचे उत्तर आले, ‘कुणी?’

हे एका शब्दाचे उत्तर, त्यातही प्रश्नचिन्ह. मी लिहिले, ‘सुरू मी केला.’ मग ती टाइप करते आहे असे दिसले. मग थांबली. पुन्हा करते आहे असे दिसले. मग तेही दिसेनासे झाले.

तरी संवाद पुन्हा सुरू झाला, हे महत्त्वाचे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

कंपनीचे उत्तर आले. ‘आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत. आमचे वरिष्ठ स्वत: याची दखल घेतील.’

अपूर्णविराम.

तिसरा ईमेल लिहायला घेतला आणि सोडून दिला. एवढा थकवा कशाचा आला, कळत नाही. दिवसभर बसूनच होतो.

२२ फेब्रुवारी, रविवार

बायकोचा मेसेज. ‘बुधवारी चारला येते.’

येते! शब्द तपासला. ‘येऊन जाते’ असे लिहिलेले नाही.

कार्यक्रम ठरवला. सोमवारी सगळे गठ्ठे उचलून माळ्यावर. लाल चौकोन पुसायचे. मंगळवारी झाडू शोधायचा किंवा नवा आणायचा, आणि पूर्ण घराचा केर स्वतः काढायचा. स्वतः म्हणजे कमरेत वाकून. आता शब्दाशी खेळ नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सोमवारी गठ्ठे हलवायला घेतले आणि वरच्याच पानावर नकाशात नदी उलटी वाहताना दिसली. ते तसे सोडून पुढे जाणे शक्य नव्हते. आज नवा झाडू आणायला निघालो होतो. खाली दुकानापर्यंत गेलोसुद्धा. पण झाडू हातात घेऊन जिना चढताना शेजारच्यांनी पाहिले तर ते काय म्हणतील, असे वाटले. टूथपेस्ट आणली.

उद्या सकाळी सहाला उठतो. सहा ते चार म्हणजे दहा तास. काम पाच मिनिटांचे आहे.

२५ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळी ६

सगळे क्रमाने लिहितो.

नऊला उठलो. ती बरोबर चारला आली. हातातली बॅग मोठी होती पण हलकी दिसत होती. मला वाटले, बाकीचे सामान मागाहून येणार. केस मानेपर्यंत कापलेले. छान दिसते, असे म्हटले. म्हणाली, तीन आठवडे झाले कापून.

ती येताना जावई फिरत असावा म्हणून मी पावणेचारलाच सुरू केला होता. तो दारासमोरच्या पट्ट्यात इकडून तिकडे जात होता. तिने विचारले, हा एवढ्यातच का घुटमळतोय? मी ॲपमधला नकाशा दाखवला. तिने तो मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला. म्हणाली, यात आपलं घर कुठे आहे रे?

मी म्हटले, लाल आहे ते.

ती बेडरूममध्ये गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला, बराच वेळ चेन लागत नसल्याचा आवाज आला. मग तिने बेडरूमचे दार पुढे ओढले आणि दारामागून झाडू घेतला. इतके दिवस मी ते दार सताड उघडे ठेवत होतो.

तिने केर काढायला सुरुवात केली. पलंगाखालून, सतरंजीवरून, कपाटाच्या कडेने, सगळ्या लाल चौकोनांतून. मी खुर्चीत बसलो होतो. ती केर काढते आहे म्हणजे ती परत आली आहे, असे मला वाटले. पूर्ण एक मिनिट वाटले. फार सुखाचे मिनिट होते.

ती केर पुढे ढकलत खुर्चीजवळ आली आणि मी पाय वर घेतले.

मी ठरवून घेतले नाहीत. ते गेले.

ती वाकलेलीच थांबली. नुसते ‘अरे’ म्हणाली. रागाने नाही, कुणाला ठेच लागलेली पाहून म्हणावे तसे. मग सरळ उभी राहिली, झाडू भिंतीला टेकवला, बॅग घेतली. दारात जावई तिच्या बॅगेपाशी येऊन थांबला आणि म्हणाला, ‘कृपया अडथळा दूर करा.’

हो रे बाबा, करते, असे म्हणून ती त्याला ओलांडून गेली.

माझे पाय तेव्हाही वरच होते.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ११.३०

तिने गोळा केलेला केर खुर्चीसमोर तसाच आहे. ओंजळभर असेल. धूळ, कागदाचे कपटे, एक शर्टाचे बटण, एक लांब केस. झाडू भिंतीला. सुपली कुठे असते तेही कळले, त्याच दारामागे.

भरायला पाच मिनिटेसुद्धा लागणार नाहीत. काल सुपली हातात घेतली होती. पण केर काढणे आणि केर भरणे या वेगळ्या क्रिया आहेत. काढला तिने. मी नुसता भरून ‘स्वतः काढला’ असे कळवणे खोटे ठरेल. मी आळशी असेन, खोटारडा नाही.

शिवाय भरला की तो जाईल.

आज ढिगाभोवती लाल चौकोन काढला. चांगला घसघशीत, वाऱ्याने थोडा सरकला तरी आत राहील असा.

अकराला जावई निघाला. दारापर्यंत गेला, वळला, परत आला. ‘सफाई पूर्ण. १००%.’

ही सूचना किती जणांना गेली, ते पाहिले. ॲपमध्ये लिहिले आहे, ‘सदस्य: १’.

इथे मात्र अपूर्णविराम बरोबर आहे.