सेजलच्या गाडीचा बोल्ट आणि तुमचा टॉर्क पाना

लाटंबार्से, डिचोली
१८ मे

परममित्र रघुनाथराव यांस,

लाटंबार्स्याहून बाबलीचा नमस्कार. वहिनींनाही आम्हा दोघांचा नमस्कार सांगावा, आणि त्यांचा गुडघा आता पायऱ्या चढू देतो की नाही तेही कळवावं. इकडे देवाच्या कृपेने सगळं व्यवस्थित आहे. चंद्रावती ठणठणीत, माझी साखर ताब्यात, आणि सेजल म्हापशाला इस्पितळात नोकरीवर कायम झाली. पत्र बघून दचकू नका. फोनच करणार होतो, पण तुमच्या कानांची अवस्था तुम्हाला ठाऊक आहे (कॉम्प्रेसरशेजारी बावीस वर्षं उभं राहिल्यावर दुसरं काय होणार?). तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे इतकं ओरडावं लागतं की निम्मा वाडा आमच्या अंगणात येऊन बसतो, आणि पुढची हकिकत वाड्याने ऐकावी अशी नाही.

आधी आनंदाची बातमी. आपली खाण पुन्हा सुरू झाली हे तुमच्या दोडामार्गापर्यंत पोचलंच असेल. गेल्या आठवड्यात नव्या ठेकेदाराचा माणूस घरी आला होता. पावसाळ्यात डंपर उभे राहतात, तेवढ्यात ब्रेकपासून चाकांपर्यंत सगळी कामं उरकायची आहेत, तेव्हा एक जूनपासून वर्कशॉपला या म्हणाला. हाताला सवय असलेला जुना फिटर हवा, असंही म्हणाला. (शब्द त्याचे, माझे नव्हेत. चंद्रावतीला मी ते दोनदाच ऐकवले.) रघुनाथराव, खाण बंद पडल्यापासून मी पंप दुरुस्त केले, मिक्सर दुरुस्त केले, एकदा देवळातला लाउडस्पीकरही केला, पण फिटर म्हणून मला कुणी हाक मारली नव्हती. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी निळा डगला शोधत होतो. सापडला, पण बटणं लागत नाहीत.

आता कामावर जायचं तर हात मोकळा करून घ्यावा म्हणून मी सेजलच्या गाडीचं ऑइल बदलायला काढलं. गाडी जुनीच घेतलेली, पण तिच्या कमाईची पहिली. ती गॅरेजला देणार होती. घरात फिटर असताना लेकीची गाडी परक्याच्या हातात द्यायची, हे मला काही पटेना. तेव्हा पुढची चाकं चिऱ्यांवर चढवून मी खाली सरपटलो, चेंबरच्या तळाचा बोल्ट काढला, काळं ऑइल बालदीत सोडलं, नवा वॉशर घातला आणि बोल्ट आवळायला घेतला. इथवर सगळं तुम्हाला दाखवण्यासारखं होतं.

आवळण्यावरून आठवलं. डंपरचा बोल्ट आपण कसा आवळायचो! पान्याच्या दांड्यात दोन हात लांब पाइप घालायचा आणि देवाचं नाव घेऊन त्यावर बसायचं. फक्त तुम्ही तेवढे कंपनीने आणलेला तो टॉर्क पाना लाल पेटीतून काढायचात, किती जोर द्यायचा तो आकडा लावायचात आणि ‘कट्ट’ वाजलं की थांबायचात. ज्याच्या हाताला अक्कल नाही त्याने पान्याला विचारावं, असं मी सगळ्यांसमोर म्हणायचो आणि सगळे हसायचे. तुम्हीही हसायचात, हे आता आठवलं की बरं वाटत नाही. शेवटी फोरमनने ती पेटी तुम्हालाच निरोपाची भेट म्हणून दिली, कारण दुसरं कुणी तिला हात लावत नव्हतं.

तर, बोल्ट जवळजवळ बसला होता. शेवटचा पाव फेरा राहिला असताना चंद्रावतीने स्वयंपाकघरातून हाक मारली, माझं लक्ष चळलं, आणि बोल्ट फिरतच राहिला. घट्टही होईना आणि सैलही होईना. बाहेर काढला तर चेंबरचे आटे चांदीच्या केसांसारखे बोल्टला गुंडाळून आलेले. (दोष कंपनीचाच. लोखंड घालायच्या जागी हल्ली अ‍ॅल्युमिनियम घालतात. आपल्या वेळचं इंजिन डोंगरावरून पडलं तर डोंगराला खड्डा पडायचा.) मी नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप बोल्टला गुंडाळली, तो दाबून बसवला आणि नवं ऑइल ओतलं. थोडा वेळ थेंब थेंब गळलं. मग बोल्टच पडला. तीन लिटर ऑइल अंगणाच्या उतारावरून निघालं आणि चटईवर वाळत घातलेल्या कोकमाच्या सोलांपाशी जाऊन थांबलं. सोलांचा विषय घरात अजून चालू आहे.

शेवटी डिचोलीहून दत्तप्रसादला बोलावलं. लेथवाला आहे, वय चाळिशीचं, कमी बोलतो. त्याने आटे पाडायचा जाड टॅप ग्रीस लावून घातला, जुनं भोक मोठं केलं, धातूचा किस सगळा ग्रीसला चिकटून बाहेर आला, मग त्या भोकात स्प्रिंगसारखा तारेचा आटा फिरवून बसवला. आता मूळचाच बोल्ट त्या नव्या आट्यात बसणार होता. माझ्याकडे न बघता एवढंच म्हणाला, “काका, हें अ‍ॅल्युमिनियम. डंपर न्हय.” बोल्ट बोटांनी बसवून त्याने मानाने पाना माझ्यापुढे धरला. नव्या पिढीलाही संधी द्यावी म्हणून मी उजेडाची बॅटरी धरायचं काम घेतलं आणि त्यालाच आवळायला सांगितलं. त्याने पान्याला दोन बोटं लावली, जरासं ओढलं आणि थांबला. इथेच का थांबलास, असं मी विचारलं. त्याला वाटलं मी परीक्षा घेतोय. हसून म्हणाला, “हाताक कळटा न्हय, काका?”

कळतं, मी म्हटलं.

गाडी आता उत्तम चालते. सेजल रोज म्हापशाला जाते. ती निघाली की मी गाडीखालची जमीन बघून येतो, अजून एकदाही ओली सापडलेली नाही. सेजलने मला एका शब्दाने विचारलं नाही. तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं.

वहिनींना जपा, कानात तेल घालू नका (त्याने काही होत नाही, मी विचारून आलो), आणि या घराला आपलं समजत राहा.

आपला,
बाबली

ता. क. पत्र पुन्हा वाचून पाहिलं. चंद्रावतीने हाक मारली नव्हती. ती त्या दिवशी मयेला बहिणीकडे होती, आणि सोलं माझ्या भरवशावर ठेवून गेली होती. मला कुणीच हाक मारली नव्हती.

आणखी एक. साखर ताब्यात नाही. गेल्या गणपतीच्या चवथीपासून बोटांची टोकं बधिर झाली आहेत. आटा जाण्याआधी हाताला मऊ लागतो, हे तुम्हाला सांगायला नको. त्या दिवशी तो तसा मऊ पडला असणार, पण माझ्यापर्यंत ते पोचलंच नाही. सोलांचं आणि बोल्टचं मला काही वाटत नाही. पण चाकाचा नट असता, आणि भरलेला डंपर घेऊन कुणी उतारावरून खाली येत असता, तर? रघुनाथराव, गाडीखाली पडल्या पडल्या मला भीती वाटली. चंद्रावतीला अजून सांगितलेलं नाही.

शेवटचं. ठेकेदाराच्या माणसाला मात्र खरं काय ते सांगून आलो. तो उठायला लागला, तेव्हा मी म्हटलं, फिटर मिळेल, पण दोन माणसांत वाटलेला मिळेल. इंजिन ऐकायला मी, आवळायला तुम्ही. एक तारखेला दोघेही या, बघू म्हणाला. टॉर्क पाना कट्ट वाजला की मला ऐकू येईल आणि तुमच्या हाताला झटका कळेल, म्हणजे चुकायला जागाच नाही. त्या पान्याला मी बावीस वर्षं जे बोललो ते मागे घेतो. तुम्हाला बोललो त्याची माफी समोर आल्यावर मागेन, ती कागदावर नीट येत नाही.

येताना लाल पेटी विसरू नका. पेटी नसली तरी तुम्ही आलात म्हणजे पुरे, असं लिहिणार होतो. पण पुरणार नाही. तुम्ही आणि पेटी, दोघेही या.