दगडाबाईंचा 'ड' आणि दोन लायब्रऱ्या

पेडगाव, ता. ३ सप्टेंबर १९९२

तीर्थस्वरूप रंगनाथदादास धाकट्या नागनाथचा दंडवत. घरी सगळे खुशाल. हैदराबादचं पाणी तुला मानवलं असेल असं धरून चालतो.

पत्रास कारण तुझी लायब्ररी. (अण्णा गावभर सांगतात, आमचा नागनाथ लायब्ररीत हाय. परवा शेजारचा वैजीनाथ पंचांग मागायला आला होता.) परभणीच्या माती तपासणीच्या कचेरीत कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं छापायला प्रोग्रामांची जी लायब्ररी तू लिहून गेलास, तिची सुधारलेली आवृत्ती पुण्याहून आली. मी शहाणपणा करून ती जुनीच्याच जागी चढवली. नवीत काही अक्षरांचे नंबर बदललेले, आणि शेतकऱ्यांची नावं आधीच जुन्या नंबरांनी भरलेली. 'ड' तर कुठंच उमटेना. कागद तसेच वाटले गेले.

तिसऱ्या दिवशी आपल्या गल्लीतल्या दगडाबाई कचेरीत आल्या. नातीनं कागद वाचून दाखवला होता: दगाबाई, मुक्काम पेगाव. शांतपणे खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "म्या कुणाला दगा दिला, तेवढं सांग." साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मी फरशीकडं. दोन दिवसांत नीट कर, न्हाईतर घरी बस, असा हुकूम झाला.

घरी येऊन आईला एवढंच म्हणालो, दादाचं काम पुसून बसलो. तिनं ट्रंक उघडली आणि तुझ्या शाळेच्या दाखल्यांखालून एक फ्लॉपी काढली. "त्यो टाकून द्यायलावता. त्याचं अक्षर हाय वर, म्हणून ठिवली." (तुझी जुनी लायब्ररी तिच्यावर शाबूत. डांबरगोळीचा वास येतो, पण चालते.) आता एकाच मशीनवर दोन्ही आवृत्त्या वेगळ्या कप्प्यांत ठेवल्यात आणि कुणी कुठल्या कप्प्यात बघायचं ते प्रत्येक प्रोग्रामला लिहून दिलंय. जुन्या नावांना जुनी, नव्यांना नवी. दगडाबाईंचा कागद मी स्वतः नेऊन दिला. "ह्योच का त्यो?" म्हणत त्यांनी 'ड'वर बोट फिरवलं आणि मला चहा पाजला. नोकरी शाबूत आहे.

तुझा,
नागनाथ

ता. क. आठ महिन्यांत तुझं पत्र नाही. आई झुरायला लागली, म्हणून दर महिन्याला मीच तुझं पत्र लिहून तिला वाचून दाखवतो. शेवटच्यात तू दिवाळीला यायचं कबूल केलंयस. तेवढं सांभाळून घे.

पुन्हा ता. क. वरचं लिहून झालं आणि आईनं सांगितलं, तिला पहिल्याच पत्राला कळलं होतं. "रंगनाथ माझ्या गुडघ्यांचं कधी इचारत न्हाई." पण पुढचं पत्र कधी वाचणार, म्हणून आजच दोनदा विचारून गेली.